साडेनऊ मिलिमीटर

काचेच्या बशीत वाढली ती,
पिंजलेल्या कापसासारखी, पार कडेपर्यंत.
फक्त मधल्या कागदी टिकलीपासून
तिने अंतर राखलं.
पट्टी लावली. साडेनऊ मिलिमीटर.
टिकलीवर तिरफळाचा अर्क.

(पुस्तक म्हणतं ही खरी बुरशीच नव्हे,
शेवाळाची कुणी लांबची नातलग.
पोफळीला त्याचं काय?
आषाढात तिची हिरवी सुपारी देठाशी कुजते,
अंगावर ओली पांढरी लव,
आणि सावईवेऱ्यात त्याला कोळेरोगच म्हणतात.)

तिरफळं घरूनच आणली होती,
मावशीच्या बरणीतली.
बांगड्याच्या आमटीत ती शेवटी घालते, जराशी ठेचून.
जिभेला मुंग्या आणणारं जे काही त्यात आहे
त्याला आमच्याकडे लांबलचक नाव आहे
आणि फ्रिजमध्ये एक कप्पा.

कुळागरात सगळ्यांनी मोरचूद-चुना मारला होता.
आम्ही बारा पोफळी मागून घेतल्या.
पुतू वेळीप वर चढला,
एकीवरून दुसरीवर झोका घेत,
पाय जमिनीला न लावता,
आणि आठवीवरून ओरडला,
"बाई, भूक लागली! हुमणाचा वास येतोय हो इथं!"

मग तीन रात्री पाऊस.

दहाव्या दिवशी खाली वाकून मोजल्या.
आमच्या बारांखाली चारशे एकेचाळीस,
शेजारच्या मोरचुदाच्या बारांखाली साठ.
वही भिजली होती,
चारचा आकडा दोनदा गिरवावा लागला.

बशीत पाऊस नसतो.
एवढी साधी गोष्ट
मी अहवालात कुठल्या रकान्यात लिहू?

पुतू कोयत्याचं पातं खोबरेलाने पुसत बसला होता.
"फणस कापला काल," म्हणाला,
"चीक पाण्याला दाद देत नाही.
तेलालाच तेवढा वळतो.
तुमचं ते औषध तेलकटच ना?"

मी काही बोलले नाही.
साहेबांनाही नाही सांगितलं.
चीक आणला करवंटीतून,
तिरफळाच्या तेलात घोटला,
बोटं एकमेकांना चिकटली.

टिकली रात्रभर नळाखाली धरली,
मग बशीत ठेवली.
पाचव्या दिवशी पट्टी लावली.
सहा.
साडेनऊ नव्हे, सहा.
पण धुऊनही सहा.

झाडावर अजून काही नाही.
पुतू विचारतो, मी पुढच्या आषाढाचं नाव सांगते.

बरणी रिकामी करून घरी नेली.
मावशीने उलटी करून तळाशी थापटली,
माझ्या हातांचा वास घेतला,
म्हणाली,
"आता बांगडे तुझ्या हातांनीच ढवळ."