चार मीटर

प्लॉट नंबर एकोणीस, तीस बाय पन्नास,
दारव्हा रोडचं लेआउट, मागे पऱ्हाटीचं वावर.
दौलत मिस्त्री म्हणाला, "बाई, एकटीले किती लागते?
एक हॉल, एक किचन, पुढं पोर्च काढून देतो."
मी म्हटलं, चार घरं.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा कानामागं ठेवली.

इथली माती काळी.
उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते,
श्रावणात फुगून भिंत उचलते.
सात फुटांवर मुरूम लागला.
बारा कॉलम, आणि खालून सगळ्यांना बांधणारा एक बीम.
"चारही घराईचे पाय एका दाव्यानं बांधले," मिस्त्री म्हणाला,
"आता हाललं तं सारंच हालन."

नांदुरकर सरांनी स्कूटर थांबवली.
चाळ बांधता का ताई?
कोण येऊन राहील, काही भरवसा?
मी त्यांना चहा दिला,
मजुरांच्याच किटलीतला.
त्यांनी कप हातात धरला, निवू दिला.

पंचायतीत बाबूनं रजिस्टर उघडलं.
एका मालकाला एक ओळ.
घर एक लिहू का चार?
चार.
कर चारचा लागेल.
लागू द्या.
ओळ पुरेना, त्यानं समासात लिहिलं.

एकतीस वर्षं मी सिस्टर होते.
अकरा गावं, अकरा खोल्या.
एका मालकिणीनं बादल्या मोजल्या.
एक मालक नऊला मेन स्विच पाडायचा;
बाळंतपण आटोपून यावं
आणि जिना चाचपत चढावा,
हाताला अजून डेटॉलचा वास.
पैनगंगेकाठी एकीनं फार जीव लावला,
लोणच्याची बरणी अर्धी माझ्याकडे, अर्धी तिच्याकडे.
मग तिनं पगाराच्या कागदावर आडनाव वाचलं.
दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला खोली हवी होती.
भाऊ कधी आला नाही.
ती बरणी मी अजून ठेवली आहे, पीठ भरते तिच्यात.

म्हणून दारं चार. दोन रस्त्याकडे, दोन वावराकडे.
ज्याची मोरी त्याची, ज्याचा नळ त्याचा.
टाकी एकच, गच्चीवर.
मधली भिंत मी नऊ इंची मागितली.
मिस्त्री भडकला: "साडेचारीत भागते!
रेती काय भावानं येऊन राह्यली, मालूम हाय का?"
मालूम होतं.
पण खोकला पोचावा, शब्द पोचू नये,
एवढी तरी जाड हवी.
ग्रॅच्युइटी त्या भिंतीतच संपली.
माझ्या खोलीला फरशी नाही, कोबा आहे.
पायाला थंड लागतो, चांगला आहे.

वायरमन एका फळीवर चार मीटर ठोकून गेला.
तीन घरं रिकामी.
तीन आठवडे रिकामी.
नांदुरकर सर जाताना स्कूटर हळू करायचे.

मग ती आली, सर्कलला नवी लागलेली तलाठी,
पाठीला सॅक, हातात हेल्मेट,
कपाळावर हेल्मेटचा वळ.
"मी रुचिता," म्हणाली,
आणि तिथेच थांबली.
ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं.
मी तसंच थांबायची, अकरा दारांत.

आणि माझ्या तोंडाशी काय आलं होतं म्हणता?
"पूर्ण नाव काय गं?"
आलंच होतं. जिभेच्या टोकावर, खोटं कशाला बोलू.
करारनाम्याला लागतंच, असं म्हणताही आलं असतं.
सगळे तसंच म्हणायचे.

मी किल्ल्यांचा जुडगा सोडवत बसले,
गाठ नव्हती तरी.
मग विचारलं, "घोरतेस का?"
ती गोंधळली. "नाही."
"मी घोरते. पण भिंत नऊ इंची आहे.
दोन नंबरचं घे, सकाळचं ऊन येतं."

रात्री फळीवर दुसऱ्या मीटरचा लाल ठिपका
लुकलुकायला लागला.
पलीकडे भांडं पडलं. नुसता आवाज आला,
कशाचं ते कळलं नाही.
नऊ वाजले.
मी घड्याळ पाहिलं,
आणि आपण घड्याळ पाहिलं म्हणून
अंधारात एकटीच हसले.