बटर पेपर

महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर,
ओस्वाल्दो खिडकीपाशी स्टुलावर पाठमोरा बसतो
आणि मी त्याच्या उघड्या पाठीवर बटर पेपर पसरते.
शिलाईचाच कागद, बाह्या बेतायचा.

पुन्ता अरेनासचा वसंत म्हणजे
नुसता वारा, आणि आभाळ मधोमध विरलेलं,
धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं.
उन्हाला ऊब नसते.
तरी ते भाजतं.
चाळीस उन्हाळे त्यानं कुंपणाच्या तारा ओढल्या,
अंगात बिनबाह्यांची बंडी,
टोपी वाऱ्यानं केव्हाच नेलेली.

सत्तावीस तीळ. त्याची पाठ मला पाठ आहे.
बहुतेक शहाण्यासारखे बसलेत, एकरंगी,
एकाच डब्यातल्या बटणांसारखे.
माझी नजर शोधते तो एक,
जो बाकीच्यांत मिसळत नाही.
घडी घातली तर अर्ध्यावर अर्धं जुळणार नाही असा,
कडेनं उसवलेला,
काळ्यात तांबडं, तांबड्यात निळसर,
टेबलक्लॉथवर कॉफी सांडून राहिल्यासारखा.

मिर्कोच्या, माझ्या भावाच्या, कानामागे
खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची.
आम्ही म्हणालो, टोपी घासते.
दोन वर्षं आम्ही टोपीलाच बोल लावला.

"तिळाचा ताड करतेस," ओस्वाल्दो म्हणतो.
ताड या गावात कुणी पाहिलाय?
मी पेन्सिल चालवत राहते.
मग सप्टेंबरचा कागद ऑक्टोबरवर ठेवून
दोन्ही काचेला लावते, उजेडात.
रेघेवर रेघ.
"घाल सदरा," मी म्हणते, आणि मगच श्वास सोडते.

पण या रविवारी त्यानं सदरा घातला नाही.
पेन्सिल धरलेला माझा हात त्यानं धरला.
"हे कधीपासून?"

अंगठ्याच्या नखाखाली उभी एक रेघ,
मुळापासून टोकापर्यंत, चहाच्या रंगाची.
"मशीनखाली आला असेल."
"कधी?"
"आठवत नाही. दोन हिवाळे झाले असतील."

तो गप्प. मग त्यानं माझा अंगठा उजेडाकडे वळवला,
मेंढीचा खूर वळवावा तसा, हलक्या हातानं,
दुसऱ्या हातानं तिची मान धरल्यासारखं
माझं मनगट धरून.
"खुराला ठेच लागली ना, यासना,
की डाग खुराबरोबर पुढे पुढे सरकतो.
टोकाला येतो, आपण कापून टाकतो.
हा सरकलाच नाही.
इथे मुळाशी रुंद झालाय.
आणि हे बघ, नख सोडून कातडीवर उतरलाय."

मी हसले. अंगठ्याला कधी ऊन लागलं?
मी जन्मभर दिव्याखाली, सुईच्या नेढ्यात डोळा घालून.
ऊन तर सगळं तुझ्या वाट्याचं.
हसू माझं मलाच ऐकू आलं
आणि मी थांबले.

त्यानं कागदाचा एक तुकडा फाडला,
कात्री समोर असून हातानंच फाडला,
आणि माझ्या नखावर ठेवून रेघ काढली.
पेन्सिलीची सवय नाही. कापरी आली.
खाली तारीख घातली.

तो कागद घेऊन मी खिडकीशी गेले, सवयीनं.
काचेला लावला.
खाली ठेवायला मागचा कागदच नव्हता.
पलीकडे नुसती सामुद्रधुनी, पांढरी, खवळलेली.

सोमवारी दवाखाना आठला उघडतो.
सव्वासातलाच आम्ही कोपऱ्यावर होतो,
वाऱ्याच्या दिवसांत तिथे धरायला दोर बांधतात.
एका हातानं तो दोराला,
दुसऱ्या हातानं मला धरून,
अंगठा सोडून
बाकीच्या चार बोटांना.