रिकामी जागा

कुडतरी. कोमुनिदादची कचेरी, दुपार.
पंख्याखाली नेट रांगत होतं.
एक ओळ टंकली, एंटर दाबलं,
पट्टी भरेस्तोवर नखं कुरतडली.
अकरा ओळींचं मॉड्यूल,
लिहिणारा कोण, देव जाणे;
सहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही.
काम एवढंच: नावाच्या मागचीपुढची
रिकामी जागा छाटायची.

जोण घेणाऱ्यांच्या यादीवर फिरवलं.
चारशे बारा होते,
तीनशे सत्याण्णव उरले.
दुहेरी नोंदी गेल्या म्हणून
मी खुशीत चहा सांगितला.

उल्दोरिकबाब चष्मा पुसत आले,
पडद्यावर बोट टेकवलं:
"हा सांतान कुतिन्यू
आजोबा की नातू?"
मी गप्प.
"जो गेला, त्याच्या नावामागं
मी एकदा स्पेसबार दाबायचो.
खोडायला हात होत नसे, बाय."

जुनी फाइल होती, नशीब.
मॉड्यूल काढलं, तेही एकाच ओळीत.
नवा रकाना आखला: हयात, हो किंवा नाही.
ते सांगत गेले, मी 'नाही' टंकत गेले,
किती वेळा, मोजलं नाही.
सांतानपाशी म्हणाले,
"थांब जरा."

चहावर साय धरली होती.