देवभोळी (वि., स्त्री.)

कोशासाठी ही एक चिठ्ठी भरायची राहिलीय.
अर्थाच्या रकान्यात पेन टेकलेलं कधीचं,
चहावर साय धरली.

कर्मठ लिहावं, तर सोवळं तिला कधी जमलं नाही.
गंगावेशीत दूधकट्ट्यावर
म्हशीखालचा तांब्या
उभ्या उभ्या तोंडाला लावणारी बाई ती.
भाविक लिहावं, तर तेवढ्यात भागायचं नाही.
बिनखांबी गणपती, लगेच बाबूजमालचा उंबरा,
मंगळवारी त्र्यंबोलीची टेकडी,
आणि गगनबावड्याच्या रस्त्याला
बांधकाम खात्यानं पुरलेला
किलोमीटरचा दगड.
एसटी पंक्चर झाली होती. हिनं उतरून त्याला कुंकू लावलं.
"मावशे, ह्ये अंतर हाय, देव न्हवं," कंडक्टर म्हणाला.
"मग? अंतर काय सोपं असतंय व्हय?"

अण्णा हा शब्द वापरायचे
डब्यातले सव्वाशे रुपये कमी भरले की.
गुळाच्या अडतीतला हिशेबी माणूस,
बोटांना काकवीचा वास.
"हौसा, देवभोळी गं देवभोळी..."
शेवटचा स्वर एवढा लांबवायचे
की चिडलेत का कौतुक चाललंय
हे भिंतीपलीकडच्या लोखंडे वहिनींनाही उमगायचं नाही.
(उपयोग लिहिताना हा स्वर कसा लिहायचा?)

शब्द फोडून बघितला.
देवापुढं भोळा, की देवासारखा भोळा?
भोळा तर आपण शंकरालाच म्हणतो.
म्हणजे आधी तो वरच चिकटला असणार,
मग कुणाच्या तरी कपाळावरून
घरंगळत आपल्या गल्लीत आला.
व्युत्पत्तीत असलं चालत नाही.

ती गेल्यावरच्या जानेवारीत
अण्णांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं.
वर अंबाबाई, खाली तारखा, मधे अडतीचं नाव.
रद्दीत घालवेना. जाळवेना.
पंचगंगेत सोडायला महापालिकेची मनाई.
घडी घालायला घेतली, तर घडी
नेमकी देवीच्या नाकावरून जायला लागली.
पाऊण तास ते हातात धरून बसले.
मग त्याच खिळ्याला परत अडकवलं,
गेल्या वर्षीच्या तारखांसकट.

मी बघत राहिले तशी म्हणाले,
"खिळा मोकळा दिसत होता."

चिठ्ठीवरच्या 'स्त्री.' वर तेवढी रेघ मारली.
रकाना कोराच आहे.
चहा आता परत गरम करायला हवा.