खालचा होज

घणसोलीत काटा मधोमध.
रबाळ्याच्या सिग्नलला, रिक्षांच्या मागे,
तरी मधोमध.
महापे ओलांडून शिळफाट्याच्या चढाला लागलं
की दुसऱ्या वळणावर तो हलतो,
आधी संकोचाने,
मग थेट लाल पट्टीकडे,
जणू तिथे त्याचं कुणीतरी आहे.

औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत असते मी.
तेव्हा वही केली:
तारीख, बाहेरचं तापमान, गिअर, काटा.
आठ महिन्यांत एकोणीस चढ.
दोनदा मागे फिरले,
सतरा वेळा कडेला थांबले.
गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण फिरवू नये
हे शिकायला डावा तळवा लागला.

जीप सत्त्याण्णवची, पेणच्या मोकलांकडची.
'मॅडम, कधी गरमच झाली नाही,' म्हणाले होते.

वाशीच्या माणसाने झाकण बदललं.
तुर्भ्याच्याने रेडिएटर उतरवून धुतला:
जाळीतून सुकं गवत, चतुराचा एक पंख,
आणि लाल माती,
कुठल्या डोंगरावरची ते जीपलाच माहीत.
थर्मोस्टॅट मी स्वतः पातेल्यात उकळला.
ब्याऐंशीला उघडला, शहाण्यासारखा.
आई म्हणाली, आता हेच राहिलं होतं
माझ्या दुधाच्या पातेल्यात.
ऑफिसातले जाणकार म्हणाले, हेड गॅस्केट.
चाळीस हजार धरून चाल.
ऑइलची पट्टी पाहिली: दुधाळ नाही.
पाण्यात बुडबुडे शोधले: नाहीत.
धूरही पांढरा नाही.
म्हणजे आतून फुटलेलं काही नव्हतं.
आणि तरी.

तेव्हापासून हीटर लावून चालवायचे.
एप्रिलमध्ये.
इंजिनाचा थोडा ताप आपल्या गुडघ्यांवर घ्यायचा,
लाल पट्टी दोन वळणं लांबते.
सोबत कुणी बसायचं नाही.

पदाजी मढवींचं गॅरेज अडवलीच्या वाटेला, पत्र्याचं.
वही त्यांनी शेवटच्या पानापासून चाळली,
कोपऱ्यांवर ग्रीस लागलं.
'गारी थांबवून बगता ना तुमी?'
थांबवूनच. दुसरं कसं बघणार?
ते हसले नाहीत.
'थांबलेली गारी काय सांगनार, ताय.'

मग ते आत बसले,
टॉर्च माझ्या हातात.
'खालचा होज बगा. तोंड लांब, पंखा हाय.'
आणि ॲक्सिलरेटर दाबला.

पत्रे थरथरले.
रेडिएटरच्या बुडाशी तो काळा, जाड,
भरवशाचा वाटणारा होज
आत ओढला गेला, चपटा,
उसाचा रस संपल्यावरही नळी चोखणाऱ्या
पोराच्या गालासारखा.
इंजिन पाणी मागत होतं
आणि मागण्यानेच वाट मिटत होती.
त्यांनी पाय काढला.
होज गोल झाला,
काहीच झालं नाही असा.

सतरा वेळा मी त्याच्याकडे पाहिलं होतं.
दाबूनही पाहिलं होतं, एकदा.
सतरा वेळा गोल.

आत एक स्प्रिंग असते, चपटू नये म्हणून.
कुणीतरी होज नवा घातला,
स्प्रिंग जुन्यातच राहिली, भंगारात गेली.
मोकल खोटं बोलले नसतील.
पेण ते वडखळ रस्ता सपाट आहे.

डालड्याच्या डब्यातून त्यांनी एक स्प्रिंग शोधली,
रॉकेलने पुसली.
होजसकट दोनशे दहा रुपये.
चहा त्यांनीच पाजला.

काल चढले. दुसरं वळण, तिसरं,
खाणीपाशी एक डंपर पुढे रखडत होता, त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये.
काटा मधोमध.
मी त्याच्याकडेच बघत होते,
एवढं की डंपरवाला हॉर्न देऊन पुढे हो म्हणाला.

हीटर बंद होता.
हात मात्र त्याच्या बटणावर,
आणि दोन्ही गुडघे
उगाच बाजूला सरकवलेले.