आधीच्यांचं वाचून होईस्तोवर

डेपोच्या भिंतीवर वेळा रंगवायला
पूर्वी रणछोड पेंटर यायचा, शिडी घेऊन, भर दुपारी.
डभोई ५.४० मधला चार पुसलेला,
दोन अजून काढायचा,
तेवढ्यात खालून कुणीतरी वाचायचं: पाच वाजता.
धावपळ, रिकामा फलाट,
शिव्या रणछोडला.

हे मला शिर्केकाकांनी सांगितलं. वाहतूक नियंत्रक होते,
वडोदऱ्याच्या डेपोत एकतीस वर्षं.
मग म्हणे साहेबांनी फर्मान काढलं:
रंगवताना फळ्यावर पोतं टाका.

पोतं म्हणजे आमच्यात लॉक.
आत रणछोड, बाहेर दोनशे माणसं माना वर करून,
पादरा, सावली, वाघोडिया, कुणालाच काही दिसत नाही.
चूक होत नाही.
फक्त सगळे ताटकळतात.

मी पोतं काढून टाकलं.

आता मी फळ्याची हुबेहूब नक्कल करते,
कुणाच्या नजरेस न पडता तिच्यावर डभोई ५.२० लिहिते,
आणि मग एकच गोष्ट हलवते: बाण.
वेळापत्रक इकडे, असं सांगणारा तो एक पॉइंटर.
अर्धा वळलेला बाण कधीच कुणाला दिसत नाही.
नवा येणारा नवं वाचतो.
जुन्यासमोर उभा असलेला जुनंच वाचत राहतो,
आणि तो चुकलेला नसतो,
आधी आलेला असतो इतकंच.

(रणछोड दोन असतील तर त्यांच्यात पोतं लागतंच.
लिहिणाऱ्यांची भांडणं अजून कुठल्या लायब्ररीला मिटवता आलेली नाहीत.)

थांबायचं ते मी.
जुना फळा लगेच फोडायचा नाही.
बाण फिरण्याआधी जे जे वाचत होते
त्यातला शेवटचा मान खाली घालून निघाला
की मग पुसायचा.
नंतर आलेल्यांसाठी मात्र थांबायचं नाही,
नाहीतर जन्म जाईल.

सगळं नीट चाललं होतं. मार्चपर्यंत.
मार्चात कुंजलने नऊ नंबरच्या स्क्रीनसाठी
एक नवा थ्रेड लावला,
आणि रात्री पावणेबाराला तिथे उमटलं:
डभ॰ई ६५५३५.
काकांचा फोन. "बेन, ही गाडी कुठल्या युगात सुटते?"

तीन रात्री. दांडिया बाजारातली सेव-उसळ
कीबोर्डशेजारी थिजून गेली.
मी मेमरी धुंडाळली, कंपायलरला दोष दिला,
एकदा तर विजेलाही.
आणि चौथ्या दिवशी दिसलं:
थ्रेडने हजेरीत नावच लावलं नव्हतं.
तो वाचत होता, मन लावून, नियमाने,
पण लायब्ररीच्या लेखी फळ्यासमोर कुणीच नव्हतं.
सगळे गेले म्हणाली ती. मी पुसला.
त्याच्या डोळ्यांदेखत.

दुरुस्ती एका ओळीची. कुंजल रडवेली झाली,
मी तिला सांगितलं, माझं पण झालंय असं,
जे खरं होतं.

परवा संध्याकाळी डेपोत गेले, स्क्रीन बघायला.
५.२०, स्वच्छ, हिरव्या अक्षरांत.
तिच्या वर, चुन्याखालून अजून डोकावणारा
रणछोडचा पिवळा ५.४०.
त्याच्याखाली एक माणूस,
शिलाई मशीनचं चाक गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेलं.
घड्याळात पाच पस्तीस.
डभोई? मी विचारलं.
त्याने न बोलता भिंतीकडे बोट केलं,
वीस वर्षं बरोबर ठरलेल्या आकड्याकडे.

सांगितलं त्याला. पुढची सहा दहाला.
तो "चालशे" म्हणाला, चाक दुसऱ्या मांडीवर घेतलं.

भिंतीला रंग काढा, असं सांगायला
मी खरं तर मॅनेजरकडेच निघाले होते.
बसले मग तिथेच बाकावर,
सहा दहा होईपर्यंत.