उणे चार

हर्णैच्या बर्फ कारखान्यामागे
दोन खांबांवर बसलेला ट्रान्स्फॉर्मर,
आणि कुंपणाच्या अलीकडे, मासळीच्या पालथ्या टपावर
मी वही उघडून.
उद्या पेपर. रत्नागिरीची एसटी पहाटे साडेपाचला.

वरून येतात अकरा हजार व्होल्ट, खाली उतरतात चारशे चाळीस.
पंचवीसास एक.
पुस्तक म्हणतं, समजा, हा आदर्श आहे.
म्हणजे तापत नाही, तेल गाळत नाही,
खारा वारा याच्या चिनीमातीच्या टोप्यांवर
मीठ चढवत नाही.
बरं. समजले.

अंताकाका चोगले कॉम्प्रेसर सोडून येतात,
हात पुसत वहीत डोकावतात.
"दोन वेटोळी, मधी जोड नाय.
मग करंट जातो कुठनं गो?"

जात नाही काका, मागितला जातो.
तुमचा कॉम्प्रेसर खाली शंभर अँपिअर ओढतो
तेव्हा वरच्या तारेला चार द्यावेच लागतात.
वेढे गुणिले करंट,
दोन्ही पारडी सारखी भरली पाहिजेत.
आणि खालचा एक ओहम
वरून पाहिला तर सव्वासहाशे.

"आपली अडचण वर एवढी मोठी दिसते?"
काका बिडी शोधतात.
"मग वायरमन चार दिवस कसा येत नाय?"

मी आकृती काढते. टिंबं देते, बाण देते,
समीकरण मांडते.
उत्तर येतं : उणे चार.
खोडते. पुन्हा उणे चार.
तिसऱ्यांदा कागदाला भोक पडतं.

मग दिसतं. गणित बरोबर आहे,
वरचा बाण मी टिंबातून बाहेर काढला होता,
जशी कुणी खाडी
समुद्राकडून डोंगराकडे काढावी.
उणे म्हणजे चूक नाही. उणे म्हणजे, पोरी, उलट.
आणि भरतीला खाडी तशीच तर वाहते!
इथे भरती-ओहोटी
सेकंदाला पन्नास वेळा.
बाण कुठेही काढ,
फक्त काढलास तो लक्षात ठेव.

बंदरात होड्या लागल्या.
"बर्फ! बर्फ!" पाखाडीवरून कुणीतरी ओरडतंय,
काका अर्धी बिडी कानावर खोचून पळाले.
दुसरा कॉम्प्रेसर सुरू,
आणि वरती गुणगुण जाड झाली,
घसा बसल्यासारखी.

आदर्श असता
तर ऐकूही आला नसता.